कोफूच्या मांजरीचं पोट

मांजरीचं नाव हिमे. जपानीत हिमे म्हणजे राजकन्या. यामानाशी प्रांतातल्या ओकामादा गावचे डॉक्टर मिकामी साबुरो यांच्या घरची ती मांजर. १९०४ च्या वसंतात तिचं पोट गावातल्या कित्येक माणसांसारखंच फुगलेलं होतं. ओकायामाच्या वैद्यक विद्यालयातले विकृतिशास्त्राचे प्राध्यापक कात्सुरादा फुजिरो तेव्हा मिकामींकडे आले होते. रुग्णांच्या शौचात त्यांना अंडी दिसत होती. पण अंडी घालणारा किडा कुठे आहे, कसा आहे, याचा पत्ता नव्हता. तो शिरांमध्ये राहत असावा असा त्यांचा कयास होता, आणि जिवंत माणसाच्या शिरा उघडून कोण बघणार? मिकामींनी घरची मांजर पुढे केली.

माझी सगळी नोकरी परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात परजीवीशास्त्र शिकवण्यात गेली. म्हणजे सरळ सांगायचं तर गुराढोरांच्या, कुत्र्यामांजरांच्या शेणाविष्ठेत डोकं घालून मी पोट भरलं. आमच्या पुस्तकात या मांजरीच्या वाट्याला अर्धी ओळ होती: कात्सुरादा, १९०४, मांजर. विद्यार्थी ती परीक्षेपुरती पाठ करत आणि विसरून जात. लेक टोकियोत नोकरीला लागली, माझं तिकडे जाणंयेणं सुरू झालं, तेव्हा कुठे मी ती अर्धी ओळ पुरी करायला कोफूला गेले. शिन्जुकूहून गाडी धरली की दीडेक तासात डोंगरांच्या मधल्या एका खोलगट खोऱ्यात उतरायचं. चारी बाजूंनी डोंगर, मध्ये सपाट मळईची जमीन, आणि कामानाशी नि फुएफुकी या दोन नद्या एकत्र येऊन फुजी नदी होते ती जागा. पूर्वी या मुलखाला काई म्हणत. भातासाठी याहून चांगली जमीन मागून मिळायची नाही.

आणि या जमिनीतच रोग होता. आधी भातखाचरात उतरलेल्या पायांना खाज सुटायची, मग ताप, रक्ताची हगवण. पुढे काही वर्षांनी हातपाय काटकुळे होत जायचे आणि पोट पाण्यानं तट्ट फुगायचं. आपल्याकडे वैद्य ज्याला जलोदर म्हणतील तेच. लोक त्याला नुसतं ‘इथला रोग’ म्हणत, कारण डोंगरापलीकडे तो नव्हताच. काईवर राज्य करणाऱ्या ताकेदा घराण्याच्या इतिहासात, ‘कोयो गुन्कान’मध्ये, ओबाता मासामोरी नावाच्या सरदाराची हकीगत येते. १५८२ मध्ये ताकेदांची सत्ता कोसळत असताना हा गडी धन्याचा शेवटचा निरोप घ्यायला डोलीतून आला, कारण पोट इतकं फुगलं होतं की घोड्यावर बसवेना. त्याचा आजार हाच असावा, असं आजचे अभ्यासक मानतात. सरदाराची निदान नोंद तरी झाली. त्याच्या शेतात राबणाऱ्यांची कोण करतो? ज्या गावांत रोग फार, तिथे मुलगी देऊ नये, द्यायचीच तर तिच्याबरोबर तिची शवपेटीही धाडावी, अशा अर्थाची गाणी त्या खोऱ्यात होती.

१८८१ मध्ये कासुगाई गावचे मुखिया तानाका ताकेहेइता यांनी प्रांताचे गव्हर्नर फुजिमुरा शिरो यांच्याकडे अर्ज केला, की आमच्याकडे हा आजार का होतो ते शोधून काढा. सरकारी डॉक्टर येऊन पाण्याचे, मातीचे नमुने घेऊन गेले. हाती काही लागलं नाही. पोट फुगून मेलेल्या एकाचं तरी प्रेत फाडून आत बघितल्याशिवाय घोडं पुढे सरकणार नव्हतं, आणि शेतकऱ्यांच्या घरातून प्रेत मिळणं अशक्य होतं. देह फाडणं म्हणजे मेल्यावरची विटंबना, असंच सगळे समजत.

ती अडचण एका शेतकरणीनं सोडवली. सुगियामा नाका तिचं नाव, वय पन्नाशी ओलांडलेलं. औषधं झाली, पोटातलं पाणी काढून झालं, आपण यातून उठत नाही हे तिला कळून चुकलं. मे १८९७ मध्ये तिनं रीतसर अर्ज केला, की मी मेल्यावर माझा देह उघडा आणि हा रोग आपल्याच मुलखात का होतो ते बघा. पुढच्याच महिन्यात ती गेली. ६ जूनला सेइगान्जी देवळाच्या आवारात, प्रांतातल्या डॉक्टरांच्या गर्दीसमोर तिचं शवविच्छेदन झालं. यकृत दगडासारखं झालेलं, आणि त्यात कसली तरी अंडी रुतलेली. किडा मात्र कुठेच मिळाला नाही. १९१२ मध्ये डॉक्टरांच्या संघटनेनं तिच्या नावाची शिळा त्याच देवळात उभी केली. नाव असलेल्या रुग्णाची शिळा मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाही. आपल्याकडे दवाखान्यांना देणगीदारांची नावं असतात.

सात वर्षांनी गोष्ट हिमेपाशी आली. कात्सुरादांचा विचार साधा होता, आणि मला विचाराल तर सगळ्या गोष्टीतला हाच खरा शहाणपणा. रोग इथल्या पाण्याचिखलातून येत असेल, तर त्या पाण्याचिखलात माणूस एकटा थोडाच उतरतो? कुत्री उतरतात, बैल उतरतात, उंदरामागे मांजर उतरतं. माणसाला जे झालंय ते त्यांनाही झालेलं असणार, आणि त्यांच्या शिरा उघडायला अर्ज लागत नाही. एप्रिलमध्ये त्यांनी मिकामींच्या घरी विच्छेदन केलं, अवयव जपून ओकायामाला नेले आणि २६ मे १९०४ ला मांजरीच्या यकृताकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेत त्यांना किडा मिळाला. अवघ्या चार दिवसांनी, ३० मे रोजी, क्योतोच्या फुजिनामी आकिरांना हिरोशिमाकडच्या कातायामा भागातल्या एका मृत माणसाच्या त्याच शिरेत मादी सापडली. कातायामातही हाच आजार होता, आणि फुजिइ नावाच्या वैद्यानं १८४७ मध्येच त्याचं टिपण लिहून ठेवलं होतं. पहिला मान कुणाचा यावर पुढे बरीच शाई खर्च झाली, तिच्यात मला रस नाही. जुलैत कात्सुरादा पुन्हा कोफूला आले, आणखी एक मांजर उघडली. तिच्यात ३२ किडे होते, २४ नर आणि ८ माद्या. किड्याचं नाव पडलं शिस्टोसोमा जपोनिकम.

हे शिरेत बघणं म्हणजे काय, ते सांगते. आम्ही मुलांना देवनारच्या कत्तलखान्यात न्यायचो. म्हशीच्या, शेळीच्या आतड्यांना धरून ठेवणारा जो पातळ पडदा असतो तो उजेडासमोर ताणून धरायचा. त्यातल्या शिरा तांबड्या-निळ्या दिसतात. लागण झालेलं जनावर असेल तर शिरेत मध्येच पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा पडल्यासारखा दिसतो, आणि बघता बघता तो तुकडा सरकतो. चिमट्यानं शीर अलगद टोचून तो मिठाच्या पाण्यात सोडला, की कळतं हा एक किडा नाही, जोडी आहे. नर चपटा, त्याच्या अंगाची कड दोन्हीकडून वळून पन्हळ झालेली, आणि त्या पन्हळीत लांब, बारीक, काळपट मादी कायमची बसलेली. अशी ती जोडी वर्षानुवर्षं रक्तात पोहत राहते आणि मादी रोज अंडी घालते. किडे स्वतः फारसं बिघडवत नाहीत. जीव घेतात ती यकृतात अडकलेली अंडी. आपल्याकडच्या गुरांतली जात वेगळी, माणसाला ती धरत नाही. जपानच्या जातीला मात्र माणूस, गाय, कुत्रा, मांजर, उंदीर कुणीही चालतं.

हिमे गेली त्यानंतरच्या हिवाळ्यात, जानेवारी १९०५ मध्ये, नात्सुमे सोसेकींची मांजराच्या तोंडून सांगितलेली कादंबरी मासिकातून यायला लागली. तिच्यातल्या मांजराला शेवटपर्यंत नाव मिळत नाही आणि ते जगात अजरामर झालं. कोफूच्या मांजरीला चांगलं राजघराण्यातलं नाव होतं, तिला कोण ओळखतं?

किडा मिळाला, पण तो अंगात शिरतो कसा यावर डॉक्टर आणि शेतकरी यांचं जुळेना. डॉक्टर म्हणत, पाणी उकळून प्या. शेतकरी म्हणत, पाण्याचं नाही, चिखलाचं आहे, पाय घातला की खाज सुटते तेव्हाच ते शिरतं. कोकणात लावणीच्या दिवसांत पायाच्या बोटांना चिखल्या होतात, त्या घेऊन कुणी डॉक्टरकडे गेलं तर डॉक्टर जसं दुर्लक्ष करेल, तसंच इथं झालं. शेवटी १९०९ मध्ये जनावरांवरच प्रयोग करून बघितलं. फुजिनामींनी कातायामात काही गुरांची तोंडं बांधून त्यांना पाण्यात उभं केलं, काहींचे पाय झाकून नुसतं पाणी पाजलं. तोंड बांधलेल्यांना लागण झाली. शेतकरी बरोबर होते. पाणी उकळण्यात सरपण खर्च केलेल्या घरांनी काय म्हटलं असेल ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

१९१३ मध्ये क्युशूच्या विद्यापीठातले मियाइरी केइनोसुके आणि त्यांचे सहकारी सुझुकी मिनोरू यांनी सागा प्रांतातल्या एका चारीत उरलेला दुवा शोधला. तांदळाच्या दाण्याएवढी, तपकिरी, टोकदार गोगलगाय. अंड्यातून फुटलेली पिल्लं तिच्यात शिरतात, वाढतात, शेपटी फुटून पाण्यात येतात आणि जो पाय मिळेल त्यात घुसतात. ही बातमी कळल्यावर इंग्रज शास्त्रज्ञ लायपर पूर्वेकडे येऊन पाहून गेला आणि १९१५ मध्ये त्यानं इजिप्तमध्ये तसाच शोध घेऊन तिथल्या रोगाच्या गोगलगाई हुडकल्या. थिओडोर बिलहार्झनं कैरोत तो किडा १८५१ मध्येच पाहिला होता. साठ वर्षं अडलेलं काम जपानच्या चारीतून मोकळं झालं.

इथे थोडं आडवाटेला जाते, कारण याच काळात मांजराला सरकारी नोकरीही लागली होती. १८९९ मध्ये जपानात प्लेग आला, कोबे-ओसाकाच्या बाजूनं. त्याआधी तीन वर्षं मुंबई त्यात होरपळत होती, आणि मुंबई-कोबे अशी कापसाची जहाजं १८९३ पासून नियमित चालत होती. टोकियो महापालिकेनं १९०० पासून उंदीर विकत घ्यायला सुरुवात केली, नगाला पाच सेन. १९०८ च्या उन्हाळ्यात जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख आपला शिष्य कितासातो याच्या पाहुणचाराला जपानात आले आणि त्यांनी सल्ला दिला, की घरोघरी मांजरं पाळा. सरकारनं तो मनावर घेऊन मांजरं मोजायला लावली. गंमत म्हणजे त्याच वर्षी आपल्या वऱ्हाडातून, अमरावतीहून, लेफ्टनंट कर्नल बुकॅनन हे सिव्हिल सर्जन ब्रिटिश वैद्यकीय मासिकात हेच लिहीत होते, की ज्या गावात मांजरं जास्त तिथे प्लेग कमी. कॉख यांना ती कल्पना वऱ्हाडातूनच मिळाली असं म्हणणारेही आहेत. प्लेग मांजरालाही होतो आणि खोकणाऱ्या मांजराकडून माणसाला लागतो, हे मात्र या उत्साहात मागे पडलं. तेव्हा एकाच दशकात एकाच देशात मांजर पहारेकरी होतं आणि मांजरच पुरावा होतं. पहारेकऱ्याची नोकरी काही टिकली नाही.

कोफूत हिमेनं दिलेला पुरावा फार गैरसोयीचा होता. रोग फक्त माणसांत असता, तर माणसांना औषध देऊन, संडास सुधारून काम भागलं असतं. ते प्रयत्न झालेच: सोनखत शेतात टाकण्यापूर्वी टाक्यांत साठवून कुजू द्यायचं, म्हणजे अंडी मरतात. बैलाऐवजी घोडा जुंपा, त्याला हा रोग कमी होतो, असंही सांगितलं गेलं. पण बांधावरच्या उंदराला संडास कसा बांधून देणार? गल्लीतलं मोकाट मांजर कुठल्या चारीकाठी घाण करून येतं हे कोण बघणार? रोगाचं भांडार गावभर हिंडत होतं. उरली एकच जागा, जिथे हात घालता आला असता. गोगलगाय.

तिच्यावर सगळ्या खोऱ्यानं ऐंशी वर्षं काढली. आधी चिमट्यानं, खरं तर जेवणाच्या काड्यांनी, गावकरी आणि पोरं चारीकाठच्या गोगलगाई वेचत, मापानं पैसे घेत. जी जात एका उन्हाळ्यात शेकड्यांनी वाढते ती काड्यांनी काय संपणार? मग चुनकळी ओतली, आगीचे झोत मारले, बदकं सोडली. १९१७ मध्ये डॉक्टरांनी शाळकरी पोरांसाठी एक रंगीत चित्रांची पुस्तिका काढली, ‘मी इथल्या रोगाचा डॉक्टर’ अशा काहीशा फुशारकीच्या नावाची. शोवा गावचे डॉक्टर सुगिउरा केन्झो यांनी काजवे पाळायचा घाट घातला, कारण काजव्याच्या अळ्या गोगलगाई खातात. त्यांनी आणि मुलानं, साबुरोनं, हजारो रुग्ण तपासले. औषध होतं ते अँटिमनीचं, शिरेतून द्यायचं, दिवसांमागून दिवस. ओकाऱ्या, सांधे धरणं, कधी हृदयालाच धक्का. काही रुग्ण अर्ध्यातून पळून जात, आणि मी तरी त्यांना दोष देणार नाही.

सुगिउरांचा तो दवाखाना २०१० पासून संग्रहालय आहे. मी गेले तेव्हा खिडकीशी ठेवलेल्या बाटल्यांपुढे एक जोडपं उभं होतं, वयानं माझ्याहून मोठं. बाईंनी नवऱ्याला कोपरानं ढोसून काहीतरी सांगितलं आणि आपल्या दंडाच्या आतल्या बाजूला, सुई टोचतात तिथे, बोट ठेवलं. मला जपानी बेताचंच येतं. ते बोट पुरेसं होतं. बाहेर आले आणि शेजारच्या चारीपाशी उकिडवी बसले. हातभर रुंद, उभ्या भिंतींची, तळापासून काठापर्यंत सिमेंटची. पाणी स्वच्छ आणि इतकं वेगात, की टाकलेलं पान डोळ्यांदेखत गेलं. काठाला गवत नाही, उतार नाही, बोटाला लागेल इतकाही चिखल नाही. ही गोगलगाय पूर्ण पाण्यातली नाही, तिला ओलसर चिखलाचा काठ लागतो, अंडी ती मातीत घालते. ती माती काढून घेतली की तिचं घर संपलं. वाहतं पाणी पिल्लांना टिकू देत नाही.

तर कोफूचा रोग गेला तो असा. दुसऱ्या महायुद्धात फिलिपिन्सच्या लेटे बेटावर अमेरिकेच्या हजारावर सैनिकांना हाच किडा लागला, म्हणून युद्धानंतर अमेरिकन लष्कराचे डॉक्टरही कोफूत आले, नवी रसायनं आली. त्यातल्या काहींनी गोगलगायींबरोबर मासेही मेले. पण निर्णायक ठरलं ते सिमेंट. १९५० च्या दशकात कायद्यात तरतूद करून सरकारनं पैसा ओतला आणि खोऱ्यातल्या चाऱ्या एकामागून एक बांधून काढल्या, दोन हजार किलोमीटरहून अधिक. दुसरं कारण म्हणजे द्राक्षं आणि पीच. भातात परवडेना म्हणून शेतकरी फळबागांकडे वळले, खाचरं कोरडी झाली. ज्या कासुगाईच्या मुखियानं १८८१ ला अर्ज केला होता तिथं आज एप्रिलमध्ये पीचचा बहर बघायला टोकियोहून बसा येतात. ट्रॅक्टर आला, बैल गेला, भांडारातला एक मोठा कप्पा रिकामा झाला. प्राझिक्वान्टेल हे खरं चांगलं औषध १९७० च्या दशकात निघालं, तोवर इथलं काम जवळजवळ आटोपलं होतं. हीच गोळी आम्ही पशुवैद्य आज मांजराला पट्टकृमीसाठी देतो. म्हणजे हिमेच्या पोटातल्या किड्याचं औषध हिमेच्या पणत्यांना सहज मिळतं, फक्त तो किडा तिकडे आता नाही.

यामानाशीत नवी लागण झालेला शेवटचा रुग्ण १९७८ चा. १९ फेब्रुवारी १९९६ ला गव्हर्नरांनी रोग संपल्याचं जाहीर केलं. मला त्या वर्षाचं फार वाटतं, कारण त्याच वर्षी जुलैमध्ये भारतातला नारूचा शेवटचा रुग्ण राजस्थानात नोंदला गेला. नारूवर तर ना लस होती ना औषध. पायऱ्यांच्या विहिरीत माणसं उतरून पाणी भरत, त्यांच्या पायातून नारू पाण्यात, आणि पाण्यातून पुन्हा पोटात. विहिरींच्या पायऱ्या बंद केल्या, हातपंप बसवले, फडक्यानं पाणी गाळायला लावलं. सन २००० मध्ये आपल्याला मुक्तीचा दाखला मिळाला. दोन्हीकडे डॉक्टरांची नावं पुस्तकात राहिली आणि काम केलं गवंड्यांनी. आणि नारूची गोष्ट जगात अजून संपत नाही ती आफ्रिकेतल्या चाडमध्ये, कारण तिथे तो माणसांत जवळजवळ संपत आला असताना कुत्र्यांत सापडायला लागला, मग मांजरांतही. कात्सुरादांचा प्रश्न पुन्हा तिथेच येऊन उभा आहे.

आपल्या कोकणालाही हिमेच्या किड्याच्या घराण्याचा एक पाहुणा येऊन गेला. रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यात गिमवी गाव आहे. १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा या डॉक्टरांनी तिथल्या लोकांच्या लघवीत रक्त का येतं याचा माग काढला आणि या किड्यांच्या कुळातल्याच एकाची अंडी दाखवली. भारतात माणसांत या रोगाचं असं केंद्र तोवर कुणाला ठाऊक नव्हतं. पाठोपाठ त्यांनी तिथल्या पाण्यातली एक चिमुकली गोगलगायही पकडली. माझं आजोळ त्याच बाजूला. लहानपणी आम्ही ओढ्याच्या डोहात दुपार दुपार डुंबायचो आणि आजी ओरडायची ती फक्त बुडण्याच्या भीतीनं. गिमवीचं नाव आज पाठ्यपुस्तकात एका ओळीपुरतं आहे. कोफूत त्यावर संग्रहालय झालं असतं.

कोफूच्या हिशेबाची दुसरी बाजूही आहे. चाऱ्या बांधल्या तसे शोवा गावचे प्रसिद्ध काजवेही गेले, ज्यांना डॉक्टरांनी मदतीला बोलावलं होतं तेच. क्युशूत चिकुगो नदीकाठची गोगलगाय पार नामशेष झाली. कुरुमे शहरात लोकांनी तिच्या नावानं शिळा उभारली, की माणसासाठी आम्ही तुला संपवलं. कोफू खोऱ्याच्या काही कोपऱ्यांत आणि चिबा प्रांतात ओबित्सु नदीकाठी ती अजून जगून आहे. तिच्यात किडा नाही, कारण तिच्यापर्यंत अंडं पोचत नाही. चीनमध्ये आणि फिलिपिन्समध्ये हाच किडा गुराम्हशींत अजून आहे, म्हणून यामानाशीत रोग संपल्याच्या घोषणेनंतरही गोगलगायींची पाहणी चालू राहिली. मला हे त्या घोषणेपेक्षा जास्त आवडतं.

टोकियोत लेकीच्या इमारतीमागे एक मोकाट बोका असतो, त्याच्या कानाचं टोक पाकळीसारखं कापलेलं. नसबंदी झाल्याची ती खूण. गल्लीतल्या लोकांनी मिळून अशा मांजरांना वेळेवर खायला घालायचं, शस्त्रक्रिया करून घ्यायची, घाण काढायची, अशी रीत योकोहामात १९९० च्या दशकात सुरू झाली आणि देशभर पसरली. लेकीला दिवस गेले तेव्हा पुण्याहून तिच्या सासूबाईंचा फोन आला, ‘त्या मांजराला आधी हाकला म्हणावं.’ मांजराच्या विष्ठेतून येणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची भीती. त्यांना मी सांगितलं, वहिनी, मांजराला आयुष्यात पहिल्यांदा लागण झाली की दोनतीन आठवडे ते रोगाची बीजं टाकतं, ती पिकायलाही एखाद दिवस लागतो. मांजरापेक्षा कच्चं मांस आणि बागेतली माती जपा. त्यांना पटलं की नाही कळलं नाही. बोका राहिला.

पण म्हणून मोकाट मांजर अगदीच निरुपद्रवी, असंही मी म्हणणार नाही. पश्चिम जपानात एका बाईला मोकाट मांजर चावलं आणि दहा दिवसांत ती गेली, हे जपानच्या आरोग्य मंत्रालयानं २०१७ मध्ये जाहीर केलं. गोचीडातून येणारा विषाणूचा ताप तो, जपानात २०१३ पासून ठाऊक असलेला. गोचीड चावून तो माणसाला होतो हे माहीत होतं, आजारी मांजराकडूनही होतो हे तेव्हा कळलं. २०२५ मध्ये मिए प्रांतात आजारी मांजरावर उपचार करणारे एक पशुवैद्य त्याच तापानं गेले. आमच्या धंद्यातला माणूस, ती बातमी वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते. या तापात मांजर माणसाच्याही आधी आणि माणसाहून जास्त मरतं. सिंधुदुर्गात दोडामार्गला २०१६ पासून जो माकडताप आला, तोही गोचीडाचाच, आणि तिथेही आधी काजूच्या बागांत माकडं मरून पडतात, मग माणसं आजारी पडतात. मेलेलं माकड दिसलं की आरोग्य केंद्राला कळवा, असं तिथे आता गावोगाव सांगतात. जपानात अशक्त, ताप असलेलं, पिवळं पडलेलं मोकाट मांजर उघड्या हातानं उचलू नका, डॉक्टरला आधी फोन करा, असं पशुवैद्यांच्या दाराशी लिहिलेलं असतं. लेकीनं बोक्याच्या वाटीशेजारी रबरी हातमोज्यांचा एक जोड टांगून ठेवलाय, आणि वाटी भरायला माझी पाळी असली की ती दारातून बघते, घातले का म्हणून.